समर्थनसमाप्तीनंतरची विंडोज एक्सपीची सुरक्षा

विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीची संगणक संचालन प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचे समर्थन संपले. समर्थन संपले म्हणून प्रणाली बंद पडत नाही. संगणक पूर्वीप्रमाणेच सुरू होतो आणि टंकलेखन, छपाई, हिशेब ही कामे विनातक्रार चालतात. थांबतात ती सुरक्षा अद्यतने, म्हणजे नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या. हा बदल पडद्यावर कोठेच दिसत नाही. त्यामुळे कार्यालये, दवाखाने, छापखाने, बँकांची रोख देणारी यंत्रे आणि घरे यांत एक्सपी त्यानंतरही वर्षानुवर्षे वापरात राहिली.

अशा संगणकाला असलेला धोका केवळ त्याच्या वयातून उद्भवत नाही. नव्या प्रणालीसाठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती जुन्या प्रणालीत तीच त्रुटी कोठे उघडी राहिली आहे हे अप्रत्यक्षपणे जाहीर करते, आणि तेथे ती बुजवणारे कोणी उरलेले नसते. म्हणूनच एक्सपीच्या संरक्षणात विषाणुरोधकापेक्षा विलगीकरणाला, म्हणजे संगणक आंतरजालापासून व इतर संगणकांपासून दूर ठेवण्याला, अधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

एक्सपी तयार झाली तेव्हा बहुतेक घरगुती संगणक दूरध्वनीच्या तारेवरून काही मिनिटांपुरते आंतरजालाला जोडले जात. तिची मूळ रचना त्या काळाला साजेशी होती. प्रस्थापनाच्या वेळी निर्माण होणारी खाती प्रशासकीय अधिकारांची असत आणि त्यांना पासवर्ड असणे बंधनकारक नव्हते. त्यामुळे वापरकर्त्याने चुकून चालवलेला कोणताही प्रोग्रॅम संपूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकत असे.

या रचनेची किंमत लवकरच कळली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि एप्रिल २००४ च्या अखेरीस सॅसर हे दोन वर्म पसरले. त्यांना वापरकर्त्याने काही उघडण्याची गरज नव्हती. संगणक आंतरजालाला जोडलेला असणे पुरेसे होते. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली, सुरक्षा केंद्र आणले आणि स्मृतीतील विदा आज्ञा म्हणून चालू न देण्याची सोय केली. इ.स. २००८ मधील सर्व्हिस पॅक ३ हा शेवटचा मोठा संच होय. स्मृतीतील पत्ते यादृच्छिक ठेवणे आणि प्रशासकीय कामापूर्वी वापरकर्त्याची परवानगी मागणे ही संरक्षणे मात्र पुढच्या विंडोज व्हिस्टामध्ये आली. एक्सपीला ती कधीच मिळाली नाहीत.

मुख्य समर्थन १४ एप्रिल २००९ रोजी व विस्तारित समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. ऑफिस २००३ या कार्यालयीन संचाचे समर्थनही त्याच दिवशी संपले. एक्सपीच्या संगणकांवर बहुधा तोच संच असल्याने ही गोष्ट महत्त्वाची आहे. समर्थन संपताना जगातील मेजावरील संगणकांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक संगणकांवर एक्सपी चालू होती, असे नेट ॲप्लिकेशन्स या संस्थेच्या तत्कालीन मोजणीत आढळले होते.

धोक्याचे स्वरूप

विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत बराचसा मूळ कोड सामाईक असतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळात ४५ सुरक्षा पत्रके एक्सपीला लागू होती आणि त्यांतील ३० पत्रके विंडोज ७ व विंडोज ८ यांनाही लागू होती. नव्या प्रणालीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली की हल्लेखोर दुरुस्तीपूर्वीची व नंतरची फाइल शेजारी ठेवून तुलना करतात. जो भाग बदललेला दिसतो तेथेच त्रुटी असते. तीच त्रुटी एक्सपीत असेल तर तिचा उपयोग करणारा प्रोग्रॅम लिहिणे हे उरलेले काम असते. समर्थित प्रणालीच्या वापरकर्त्याला या शर्यतीत निदान धावण्याची संधी मिळते. एक्सपीचा वापरकर्ता शर्यतीतच नसतो.

पूर्वीच्या घटनांतील तारखा या दृष्टीने बोलक्या आहेत. ब्लास्टरने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती वर्मच्या सुमारे चार आठवडे आधी, सॅसरची सुमारे अडीच आठवडे आधी, तर नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागलेल्या कॉन्फिकरची दुरुस्ती २३ ऑक्टोबर २००८ रोजीच उपलब्ध होती. तडाखा बसला तो प्रामुख्याने दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांना. एप्रिल २०१४ नंतर सापडलेल्या त्रुटींच्या बाबतीत जगातील जवळपास प्रत्येक एक्सपी संगणक या दुसऱ्या गटात मोडतो.

विषाणुरोधक असल्यास चिंता नाही, हा समज व्यापक आहे. विषाणुरोधक मुख्यत्वे फाइली व चालू प्रोग्रॅम तपासतो. प्रणालीच्या गाभ्यातील त्रुटीतून नेटवर्कवाटे आत येणारा हल्ला त्याच्या खालच्या पातळीवर घडतो आणि हल्लेखोराला गाभ्याचे अधिकार मिळाले की विषाणुरोधकच बंद करता येतो. शिवाय त्या उत्पादनांचेही समर्थन संपते. मायक्रोसॉफ्टने आपल्या सिक्युरिटी इसेन्शियल्स या मोफत विषाणुरोधकाला एक्सपीवर नव्या विषाणूंच्या खुणा पुरवणे १४ जुलै २०१५ रोजी थांबवले. खुणा जुन्या झाल्या तरी विषाणुरोधकाचे चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहते, आणि ते पाहून वाटणारा दिलासा धोकादायक असतो.

फायरवॉलच्याही मर्यादा आहेत. एक्सपीची अंगभूत फायरवॉल केवळ बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या अडवते. आत शिरलेल्या प्रोग्रॅमने बाहेर माहिती पाठवली तर ती हस्तक्षेप करत नाही. फाइल व छपाईयंत्र सामाईक करण्याची सोय चालू केली की स्थानिक नेटवर्कसाठी ती दारेही उघडते.

वॉनाक्राय आणि नॉटपेट्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोजच्या फाइल-सहभागाच्या जुन्या नियमावलीतील, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील, एका त्रुटीसाठी इटर्नलब्लू नावाचे हत्यार तयार करून गुप्त ठेवले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी समर्थित प्रणालींसाठी दुरुस्ती दिली. एक महिन्याने, १४ एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स या नावाने वावरणाऱ्या गटाने ते हत्यार जाहीर केले. १२ मे २०१७ रोजी त्याच्या आधारे वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरले. संगणकावरील फाइली कूटबद्ध करून ते बिटकॉइनच्या स्वरूपात ३०० डॉलरची खंडणी मागत असे. युरोपोलच्या अंदाजानुसार सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले. मार्कस हचिन्स या ब्रिटिश संशोधकाने वॉनाक्रायच्या कोडमध्ये सापडलेले एक नोंदणी नसलेले संकेतस्थळाचे नाव नोंदवले. ते नाव अस्तित्वात असल्याचे आढळताच वर्मचा प्रसार थांबत असल्यामुळे पहिली लाट ओसरली.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील एक तृतीयांशाहून अधिक रुग्णालय-न्यासांचे काम विस्कळीत झाले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार १९,००० हून अधिक भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. वृत्तपत्रांनी याचे खापर एक्सपीवर फोडले, ते बरेचसे चुकीचे होते. बाधित संगणकांपैकी बहुतांश विंडोज ७ चे होते. त्या प्रणालीसाठी दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती बसवलेली नव्हती. एक्सपीच्या संगणकावर वॉनाक्रायचा आपोआप शिरकाव बहुधा फसत असे आणि संगणक निळ्या पडद्यावर अडकून पडे. मात्र रॅन्समवेअर प्रत्यक्ष चालवले गेले तर एक्सपीतील फाइलीही कूटबद्ध होत. एक्सपी वाचली ती हल्लेखोराच्या कोडमधील उणिवेमुळे, स्वतःच्या बळावर नव्हे.

या हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने समर्थन संपलेल्या एक्सपीसाठीही केबी४०१२५९८ या क्रमांकाची दुरुस्ती सर्वांना खुली केली. अशी अपवादात्मक दुरुस्ती याआधी १ मे २०१४ रोजी इंटरनेट एक्स्प्लोररसाठी दिली गेली होती. पुढे १४ मे २०१९ रोजी ब्लूकीप या दूरस्थ मेज सेवेतील त्रुटीसाठी केबी४५००३३१ देण्यात आली. वॉनाक्राय व ब्लूकीप यांच्या दुरुस्त्या शोधून, उतरवून हाताने बसवाव्या लागतात. अनेक एक्सपी संगणकांवर त्या आजही नसतात. अशा मोजक्या अपवादांवरून मोठ्या संकटात कंपनी धावून येईल असा भरवसा धरणे योग्य नाही. अपवाद केले गेले ते त्रुटी स्वतःहून पसरणाऱ्या वर्मला वाव देणारी असताना किंवा हल्ले सुरू झाल्यावर. अन्य शेकडो त्रुटींच्या वाट्याला काहीही आले नाही.

नॉटपेट्या हा २७ जून २०१७ चा हल्ला अधिक विध्वंसक होता. त्याने इटर्नलब्लूबरोबरच आणखी एक मार्ग वापरला: बाधित संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड काढून त्यांच्या आधारे तो दुरुस्ती बसवलेल्या संगणकांतही शिरला. मेर्स्क या डॅनिश नौवहन समूहाची यंत्रणा कोलमडली आणि त्याचा फटका नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या कंटेनर टर्मिनललाही बसला. नेटवर्कमधील एक दुर्बळ संगणक इतर सक्षम संगणकांना कसा बुडवू शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

एक्सपीच्या बाबतीत या धोक्याला आणखी एक पैलू आहे. ती फाइल-सहभागासाठी एसएमबीची पहिली आवृत्तीच जाणते. विंडोज १० मध्ये इ.स. २०१७ च्या उत्तरार्धापासून नव्या प्रस्थापनात ही आवृत्ती अंतर्भूत नसते. म्हणून कार्यालयातील एका एक्सपी संगणकाशी फाइलींची देवघेव करता यावी यासाठी नव्या संगणकांवर ती मुद्दाम चालू केली जाते. जुन्या संगणकाच्या सोयीसाठी नव्या संगणकांचे संरक्षण उतरवले जाते आणि पुढे ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

ब्राउझर, प्रमाणपत्रे आणि बदललेले आंतरजाल

एक्सपीवर चालणारी इंटरनेट एक्स्प्लोररची शेवटची आवृत्ती ८ होय. गुगल क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये आवृत्ती ४९ नंतर, तर मोझिला फायरफॉक्सने २०१८ मध्ये आवृत्ती ५२ च्या विस्तारित शाखेनंतर एक्सपीची साथ सोडली. ब्राउझर हा अनोळखी कोड रोज आत घेणारा दरवाजा असल्याने घरगुती वापरात सर्वाधिक जोखीम येथेच असते. हल्लेखोराने घुसखोरी केलेले एखादे सामान्य संकेतस्थळ उघडणेही जुन्या ब्राउझरला बाधा होण्यास पुरेसे ठरू शकते.

दुसरीकडे, आंतरजालानेच एक्सपीला हळूहळू बाहेर ठेवले आहे. संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करताना एक्सपीची अंगभूत यंत्रणा टीएलएस १.० च्या पुढे जाऊ शकत नाही. कार्ड-व्यवहारांच्या पीसीआय या सुरक्षा मानकाने ३० जून २०१८ पासून त्या आवृत्तीवर विसंबणे अमान्य ठरवल्यावर देयकांची संकेतस्थळे अशा जोडण्या नाकारू लागली. संकेतस्थळांची ओळख पटवणारी मूळ प्रमाणपत्रेही कालबाह्य होतात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे जुन्या उपकरणांवर ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. तेव्हापासून नवे मूळ प्रमाणपत्र न मिळालेल्या प्रणालींवर असंख्य संकेतस्थळे इशारा दाखवतात. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रे व सांकेतीकरण सोबत आणत असल्याने आवृत्ती ५२ यातून काही काळ निभावून गेली. मात्र जुन्या फायरफॉक्समधील आणखी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपल्यामुळे त्यातील जोड-प्रोग्रॅमांवरही परिणाम झाला.

या इशाऱ्यांचा एक अनपेक्षित दुष्परिणाम होतो. जुन्या संगणकातील घड्याळ चालवणारा नाण्याएवढा विद्युतघट संपला की प्रत्येक वेळी दिनांक कित्येक वर्षे मागे जातो आणि सर्वच प्रमाणपत्रे अवैध दिसू लागतात. वापरकर्त्याला इशारे डावलून पुढे जाण्याची सवय लागते, आणि ज्या दिवशी इशारा खरा असतो त्या दिवशीही तो डावलला जातो. हा घट बदलणे हा सर्वांत स्वस्त सुरक्षा-उपाय म्हणावा लागेल.

स्वयंसेवकांनी एक्सपीसाठी नव्या ब्राउझरांची रूपांतरे केली आहेत. फायरफॉक्सच्या कोडवरून निघालेला मायपाल आणि क्रोमियमवर आधारित सुपरमियम ही त्यांतील परिचित नावे होत. ही रूपांतरे आधुनिक सांकेतीकरण स्वतःबरोबर आणतात, म्हणून त्यांत संकेतस्थळे उघडतात आणि ब्राउझरमधील ज्ञात त्रुटीही कमी असतात. परंतु ब्राउझरखालील गाभा २०१४ चाच राहतो. संकेतस्थळ नीट उघडते याचा अर्थ संगणक सुरक्षित आहे असा होत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील वापर

भारतात एक्सपी दीर्घकाळ टिकण्यामागे नव्या संगणकाची किंमत हे एक कारण असले तरी ते एकमेव नव्हे. क्ष-किरण व सोनोग्राफी यंत्रे, प्रयोगशाळेतील मापनयंत्रे आणि कारखान्यांतील संगणक-नियंत्रित यंत्रे यांच्यासोबत येणारा संगणक यंत्राचाच भाग असतो. यंत्र लाखो रुपयांचे व पंधरा-वीस वर्षे चालणारे, तर त्याचा चालक-प्रोग्रॅम केवळ एक्सपीसाठी लिहिलेला असतो.

मराठी मुद्रणव्यवसायाची अडचण थोडी वेगळी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी महाराष्ट्रातील बहुसंख्य पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि स्थानिक वृत्तपत्रे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फाँटांत, पेजमेकरमध्ये जुळवली जात. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. त्या फाइली तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यास मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. अनेक प्रणाली डोंगल नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुलपाशिवाय चालत नसत, आणि समांतर पोर्टला लावायच्या जुन्या डोंगलला नव्या संगणकात जागाच नसते. परिणामी वीस वर्षांचा मजकूर एकाच जुन्या संगणकात अडकून पडतो. त्या संगणकाला रॅन्समवेअरची बाधा झाली किंवा त्याची हार्ड डिस्क निकामी झाली तर पुनर्मुद्रणासाठी सारे पुन्हा टंकित करावे लागते. हा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. पण जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी व रफार नंतर टंकला जात असल्याने त्यांच्या जागा चुकतात. जोडाक्षरेही तुटतात, म्हणून मुद्रितशोधन अटळ ठरते. निदान प्रत्येक फाइलीची पीडीएफ प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे हा मधला मार्ग आहे.

बँकिंग क्षेत्रात हा प्रश्न नियामकाच्या पातळीवर हाताळला गेला. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे एक्सपी व अन्य समर्थनहीन प्रणालींवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्याची मुदत घालून दिली: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबर २०१८ पर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व. प्रणाली बदलेपर्यंतचे तात्पुरते उपायही त्यात होते. बायोसला पासवर्ड लावणे, यूएसबी पोर्ट बंद करणे, डिस्क घालताच आपोआप प्रोग्रॅम चालू होण्याची सोय काढणे आणि केवळ संमत यादीतील प्रोग्रॅमच चालू देणे हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी पहिले तीन कोणत्याही दुकानातील वा दवाखान्यातील एक्सपी संगणकावर एका दुपारी करता येतात.

संरक्षणाचे उपाय

एक्सपीचा संगणक ज्या कामासाठी ठेवला आहे त्यासाठी आंतरजाल खरोखर लागते का, हा पहिला प्रश्न होय. छपाई, मापन, जुने हिशेब यांसाठी ते लागत नाही. अशा वेळी नेटवर्कची तार काढून ठेवणे व वाय-फाय उपकरण बंद करणे यांनी दूरस्थ हल्ल्यांचा मार्ग जवळजवळ पूर्ण बंद होतो. बँक व्यवहार, ईमेल आणि सरकारी संकेतस्थळांवरील कामे अद्यतने मिळत असलेल्या दुसऱ्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर करावीत. एक्सपीवर टंकलेला पासवर्ड इतरत्र वापरात असेल तर तो बदलणे इष्ट असते, कारण कळफलकावरील नोंदी चोरणारा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे निमूटपणे बसून राहू शकतो.

नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकात विषाणू येण्याचा उरलेला मार्ग म्हणजे पेन ड्राइव्ह. कॉन्फिकरही त्या वाटेने पसरे. पेन ड्राइव्हमधील प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मधील अद्यतनाने एक्सपीवर मर्यादित केली. ते अद्यतन बसलेले आहे याची खात्री करून घ्यावी लागते. फाइलींच्या ने-आणीसाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवणे आणि तो दर खेपेस नव्या संगणकावर तपासणे ही रूढ पद्धत आहे. छापखान्यात मात्र ती पाळणे कठीण जाते, कारण तेथे प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन येतो. तेथे गिऱ्हाइकाची फाइल आधी दुसऱ्या संगणकावर घेणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

जोडणी टाळताच येत नसेल तर संगणक थेट आंतरजालावर उघडा नसावा. ब्रॉडबँडच्या सुरुवातीच्या वर्षांत मोडेम अनेकदा ब्रिज पद्धतीने लावले जात. त्यात संगणक स्वतः डायल करतो आणि सार्वजनिक पत्ता थेट त्यालाच मिळतो. जुन्या संगणकावर ही मांडणी आजही तशीच राहिलेली आढळते. राउटर पद्धतीत बाहेरून अनाहूत आलेली जोडणी राउटरपाशीच थांबते. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे करण्याची सोय असल्यास एक्सपीला त्यात ठेवून घरातील इतर उपकरणांपासून वेगळे करता येते. संगणकावर फाइल व छपाईयंत्राचा सहभाग आणि दूरस्थ मेज सेवा बंद ठेवाव्यात. सर्व्हिस पॅक ३ व वर उल्लेखिलेल्या अपवादात्मक दुरुस्त्या बसवाव्यात आणि रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. जावा, फ्लॅश व जुने पीडीएफ वाचक काढून टाकल्याने हल्ल्याचे जुने परिचित मार्ग बंद होतात.

फाइलींच्या प्रती काढताना एक्सपीच्या दोन मर्यादा आड येतात. तिची प्रचलित ३२-बिट आवृत्ती दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्कची नवी विभागणी ओळखत नाही, आणि एक्सफॅट पद्धतीने सिद्ध केलेला पेन ड्राइव्ह स्वतंत्र अद्यतनाशिवाय वाचू शकत नाही. लहान व एनटीएफएस पद्धतीने सिद्ध केलेली डिस्क वापरल्यास दोन्ही अडचणी टळतात. प्रत काढून झाल्यावर डिस्क संगणकापासून वेगळी ठेवणे आवश्यक असते, अन्यथा रॅन्समवेअर प्रतीही कूटबद्ध करते.

जुना प्रोग्रॅम हवा पण जुना संगणक नको, अशा ठिकाणी आभासी यंत्राचा पर्याय उत्तम मानला जातो. मायक्रोसॉफ्टच्या डिस्क२व्हीएचडी या साधनाने चालू एक्सपीची संपूर्ण डिस्क एका फाइलीत उतरवून ती नव्या संगणकावर चालवता येते. आभासी यंत्राचे नेटवर्क बंद ठेवले की जुनी प्रणाली बंद पेटीत राहते आणि बिघडल्यास पूर्वस्थितीला नेता येते. यूएसबी डोंगल बहुधा त्यात जोडता येतात, समांतर पोर्टचे क्वचितच. संगणकाबरोबर आलेला एक्सपीचा परवाना त्या संगणकापुरताच असतो, हा कायदेशीर मुद्दाही विचारात घ्यावा लागतो.

संगणक तोच ठेवून प्रणाली बदलायची असल्यास लिनक्सची हलकी वितरणे उपलब्ध आहेत, मात्र ही वाटही अरुंद होत चालली आहे. उबुंटूने २०१७ मध्ये, तर डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील आवृत्ती १३ पासून ३२-बिट संगणकांवर थेट प्रस्थापनाची सोय बंद केली. एक्सपीच्या सुरुवातीच्या वर्षांतील बहुतेक संगणक ३२-बिट आहेत.

अनधिकृत अद्यतने

मे २०१४ मध्ये असे लक्षात आले की प्रणालीच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक नोंद घातल्यास एक्सपी स्वतःला पॉसरेडी २००९ भासवते. ही दुकानांतील विक्रीयंत्रांसाठीची, एक्सपीवर आधारलेली आवृत्ती होती आणि तिचे समर्थन ९ एप्रिल २०१९ पर्यंत होते. या युक्तीने अनेकांनी पाच वर्षे अद्यतने मिळवली. ती अद्यतने सामान्य एक्सपीसाठी तपासलेली नाहीत व त्यांनी पूर्ण संरक्षण मिळत नाही, असा इशारा मायक्रोसॉफ्टने दिला होता. तो मार्गही आता संपला आहे. लेगसी अपडेट हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २०२२ पासून जुनी अधिकृत अद्यतने नव्याने प्रस्थापित केलेल्या एक्सपीवर मिळवून देतो. त्यातून जुन्या दुरुस्त्या मिळतात, नव्या त्रुटींसाठी दुरुस्त्या मात्र मिळत नाहीत.

मोठ्या संस्थांना मात्र पैसे मोजून वेळ विकत घेता आला. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये एका वर्षाच्या खास समर्थनासाठी सुमारे ५५ लाख पौंडांचा, तर अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये सुमारे ९१ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे दुरुस्त्या तयार होत होत्या, सर्वसामान्यांना मिळत नव्हत्या. वॉनाक्रायच्या वेळी या धोरणावर टीका झाली.

नंतरच्या प्रणाली

विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी संपले. विंडोज १० चे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा टीपीएम २.० ही सुरक्षा चकती किंवा पुरेसा नवा प्रक्रियक नसल्याने असंख्य सुस्थितीतील संगणक विंडोज ११ ला अपात्र ठरले. या वेळी घरगुती वापरकर्त्यांनाही विस्तारित सुरक्षा अद्यतनांची योजना प्रथमच खुली करण्यात आली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. योजनेत नाव न नोंदवलेला विंडोज १० चा संगणक वर वर्णन केलेल्या स्थितीतच असतो. फरक इतकाच की त्याच्यावर अद्ययावत ब्राउझर काही काळ चालतात आणि संकेतस्थळे त्याला नाकारत नाहीत, त्यामुळे समर्थन संपल्याचे वापरकर्त्याच्या लक्षात येण्यास अधिक वेळ लागतो.